हाताने बनवलेलं कॉम्प्युटर कॅबिनेट: पत्रा आणि लाकूडकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, विटा, तासगाव, अधूनमधून कराड-साताऱ्याकडूनही हे प्रश्न येत राहतात. बरेच जण आधी सागवानी खोक्याचा फोटो पाठवतात आणि मग विचारतात, "यात मदरबोर्ड बसेल ना?" म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक लिहिलाय.

१. सर, मला वेल्डिंग येत नाही आणि सुतारकाम शाळेत केलं तेवढंच. तरी जमेल का?

जमेल. वेल्डिंगची गरजच नाही. दुकानातलं तयार कॅबिनेट उलटं करून पाहा, ते पॉप रिव्हेटवरच (गनने दाबून बसवायच्या पोकळ खिळ्यांवर) उभं असतं. ड्रिल, सेंटर पंच, स्क्रायबर, गुण्या, दोन-तीन कानशी, रिव्हेट गन आणि व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावर काम निभतं. पत्रा कापणं आणि वाकवणं फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या (प्रश्न ७). व्हर्निअरवर मात्र पैसे वाचवू नका. टेपने मोजलेला सांगाडा दिसायला सरळ दिसतो, पण ग्राफिक्स कार्ड बसवताना स्क्रूचं भोक अर्ध्या मिलिमीटरने हुकतं.

२. मला पूर्ण लाकडाचंच हवंय. पत्रा घातलाच पाहिजे का?

माझं मत विचाराल तर हो. पत्र्याचा सांगाडा आणि त्यावर लाकडाचा अंगरखा, या पद्धतीने केलेलं कॅबिनेट टिकतं. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी), कार्ड, पंखे हे सगळं धातूवर बसवायचं. लाकूड बाहेरून येईल, दिसेल, पण वजन आणि माप त्याच्यावर सोपवायचं नाही.

याला तीन कारणं आहेत. पहिलं अर्थिंग. एसएमपीएसची पेटी, मदरबोर्डच्या भोकांभोवतीची तांब्याची कडी आणि कार्डाची पट्टी हे सगळं एका धातूवर येऊन मिळावं अशीच ही रचना आहे (प्रश्न १४). दुसरं माप. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, मदरबोर्ड हलत नाही (प्रश्न ११). तिसरं आटे. लाकडातला स्क्रू चार-पाच वेळा काढला-घातला की ढिला होतो आणि कॉम्प्युटर तर उघडावा लागतोच.

नुसत्या लाकडी खोक्यात कॉम्प्युटर चालू होणारच नाही असं नाही. पण शेजारी रेडिओ लावला तर खरखर ऐकू येईल, कारण लाकूड विद्युतचुंबकीय लहरी अडवत नाही.

३. आतल्या उष्णतेने लाकूड पेट घेईल का?

नाही. लाकूड पेटायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात. कॅबिनेटमधली हवा ४०-५० अंशांच्या आसपास असते. ग्राफिक्स कार्डाची मागची पाटी आणि हीटसिंक मात्र हात लावता येणार नाही इतके तापतात. तिथून लाकूड किमान २५ मिमी लांब ठेवा, नाहीतर तेवढाच भाग वाळत जाऊन चिरतो.

४. सुरुवातीला कोणती मापं पक्की करायची?

बाहेरचं खोकं आधी आखू नका. भाग आधी विकत आणा, ते टेबलावर मांडा, मग आतून बाहेर या. ही मापं मात्र ठरलेली आहेत:

मदरबोर्ड: एटीएक्स ३०५ × २४४, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०.
एसएमपीएस: एटीएक्सची रुंदी १५०, उंची ८६, खोली १४० पासून पुढे. एसएफएक्स १२५ × ६३.५ × १००.
मदरबोर्डमागच्या पोर्टांची खिडकी: १५८.७५ × ४४.४५.
कार्डांच्या दोन स्लॉटमधलं अंतर: २०.३२.
पंख्याच्या भोकांमधलं अंतर: १२० च्या पंख्याला १०५, १४० च्या पंख्याला १२४.५.

ठरलेली नसणारी मापं म्हणजे कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी. ती कंपनीच्या पानावरून घ्या आणि शिवाय वायरीला जागा सोडा. प्रोसेसरवरचे टॉवर कूलर १५५-१६५ मिमी उंच असतात. त्यावर दार अगदी चिकटून आलं की पंख्याचा आवाज वाढतो. नव्या कार्डांना १६ पिनांचा पॉवर कनेक्टर असेल तर त्याच्या तोंडापासून ३५ मिमीपर्यंत केबल वाकवायची नाही. लाकडी दाराने ती केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट रुंद करा, केबल वळवू नका.

५. एमएस (साधं पोलाद), जीआय (जस्त चढवलेलं पोलाद), ॲल्युमिनियम... पत्रा कोणता घेऊ? किती जाडीचा?

पहिल्या कामाला सीआरसी (थंड लाटलेला साध्या पोलादाचा) पत्रा, १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी. तो सपाट येतो, त्यावर रंग बसतो, घडी चांगली पडते आणि गावातला कोणीही फॅब्रिकेशनवाला त्यावर काम करतो. २० गेज साधारण ०.९ चा असतो. लहान मिनी-आयटीएक्स पेटीला तो चालतो, पण मोठ्या सपाट भागात ढोलासारखा घुमतो. १६ गेज, म्हणजे १.६ मिमी, फक्त तळाला.

वजन डोळ्यांसमोर ठेवा. १.२ मिमी पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, २ मिमी ॲल्युमिनियम साधारण ५.४ किलो. ॲल्युमिनियम छान दिसतं, गंजत नाही, हलकं असतं. पण वाकवायचं असेल तर ५०५२ किंवा ११०० ग्रेड मागा. ६०६१ टी-६ लहान त्रिज्येच्या घडीवर तडकतो. कानशीच्या दातांत ॲल्युमिनियम भरतं, म्हणून आधी कानशीवर खडू घासून घ्या. ड्रिल करताना रॉकेलचा थेंब सोडला की भोक स्वच्छ येतं.

जीआय पत्रा वापरू शकता, पण त्यावर वेल्डिंगचा विचार असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

६. पत्रा वाकवल्यावर माप मोठं येतं. हिशोब कसा करायचा?

घडीत पत्रा ताणला जातो, म्हणून बाहेरून मोजलेल्या बाजूंची नुसती बेरीज करून चालत नाही. प्रत्येक घडीमागे काही वजा करावं लागतं. १.२ मिमी पत्रा, ९० अंशांची घडी आणि आतली त्रिज्या पत्र्याच्या जाडीइतकी असेल, तर ही वजावट साधारण २ मिमी धरा.

उदाहरणार्थ, तळाचा भाग यू आकाराचा आहे. मधला पाट बाहेरून २००, दोन्ही उभे काठ बाहेरून ५०-५०. बेरीज ३००. घड्या दोन, वजावट ४. पत्रा कापायचा २९६. घडीची रेघ काठापासून ५० वर ओढायची नाही, ४९ वर ओढायची, कारण वजावटीचा अर्धा भाग दोन्ही बाजूंना जातो.

प्रत्येक मशीनची डाय वेगळी, त्यामुळे त्याच पत्र्याची एक १०० मिमीची पट्टी आधी वाकवून घ्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजू मोजा. दोन्हींची बेरीज वजा १०० म्हणजे त्या मशीनची खरी वजावट. मिस्त्री "काही होत नाही, बसतंय" म्हणाले तरी ही पट्टी करून घ्याच.

७. एक-दोन तुकड्यांसाठी एमआयडीसीतला वर्कशॉपवाला दारात उभा करत नाही. काय करायचं?

त्याच्या बाजूने पाहा. पाचशे ब्रॅकेटच्या जॉबमध्ये तुमच्या एका तुकड्यासाठी मशीन सेट करायला त्याला परवडत नाही. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंगची कामं करणारे आहेत, पण जाताना हातात कागदी स्केच नेऊ नका. एकास एक मापातली डीएक्सएफ (कॉम्प्युटरवर काढलेल्या आराखड्याची) फाइल पेनड्राइव्हवर न्या. पत्र्याची जाडी लिहा. घडीच्या रेघा वेगळ्या लेयरवर ठेवा आणि घडी वर की खाली तेही लिहा. दुसऱ्या कुणाच्या जॉबमधून उरलेल्या पत्र्यावर कापून दिलं तरी चालेल हे आधीच सांगा. आठवडाभर थांबायची तयारी ठेवली की काम होतं. सोमवारी सकाळी जाऊ नका.

घरीच वाकवायचं असेल तर दोन जाड अँगलमध्ये पत्रा आवळा, वर लाकडी ठोकळा ठेवा आणि ठोकळ्यावर हातोडी मारा. पत्र्यावर थेट मारू नका. ३०० मिमीपर्यंतची घडी अशी बऱ्यापैकी येते, त्याहून लांब घडी मध्ये फुगते.

८. मदरबोर्डखालचे स्टँडऑफ (त्याला पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) कसे बसवायचे? आटे टिकत नाहीत.

१.२ मिमी पत्र्यात ६-३२ (इंची मापाच्या स्क्रू) चे आटे जेमतेम दीड पडतात, कारण एका आट्याची लांबीच ०.७९ मिमी आहे. एकदा जोरात आवळलं की ते गेले. रिव्हेट नट (पत्र्यात दाबून बसणारा आटेवाला नट) बसवा, किंवा पितळी स्टँडऑफ घालून मागून नट लावा. जाड ॲल्युमिनियमवर, ३ मिमी किंवा अधिक, थेट आटे पाडता येतात. ६-३२ च्या टॅपसाठी २.७ मिमीचं भोक, एम३ (मेट्रिक मापाच्या स्क्रू) साठी २.५ चं.

हे दोन स्क्रू हाताला सारखेच लागतात. पण ६-३२ चा व्यास ३.५ आणि एम३ चा ३, एक दुसऱ्यात जबरदस्तीने घातला तर दोन्ही वाया. मदरबोर्ड आणि पत्रा यांत किमान ६.३५ मिमी अंतर हवं. स्टँडऑफ फक्त तिथेच, जिथे मदरबोर्डला भोक आहे. जास्तीचा एकही ठेवू नका, तो मागच्या बाजूला शॉर्ट करतो.

भोकांच्या जागांसाठी इंटरनेटवरची नकाशाची प्रिंट वापरणार असाल तर प्रिंटरने कागद लहान-मोठा केलाय का ते पट्टीने तपासा. आणि ड्रिल करताना मदरबोर्ड दुसऱ्या खोलीत असू द्या. पोलादी कीस एखाद्या स्लॉटमध्ये अडकला तर तो सापडत नाही.

९. सगळ्यात किचकट भाग कोणता?

मागची भिंत. पोर्टांची खिडकी, कार्डांचे स्लॉट आणि मदरबोर्डची पातळी, तिन्हींचा एकमेकांशी मेळ तिथे लागतो.

म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने ती बनवूच नये. भंगारवाल्याकडे जुनं कॅबिनेट किलोच्या भावाने मिळतं. त्याच्या रिव्हेटच्या डोक्यांवर ३.२ मिमीचं बिट चालवा, डोकी उडतात आणि मदरबोर्डची पाटी मागच्या भिंतीसकट सुटून हातात येते. ती तशीच नव्या सांगाड्यात रिव्हेट करा. आटे, स्लॉट, खिडकी सगळं कारखान्याच्या मापाचं मिळतं. "मग हाताने बनवलं काय?" असं विचारणारे भेटतात. त्यांना दुसऱ्यांदा स्वतः बनवू द्या.

१०. लाकूड कोणतं? मिरजेत सतारीला वापरतात ते चालेल का?

सागवान सगळ्यात बिनघोर. ते कमी हलतं आणि वाळवी सहसा लागत नाही. त्यात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी जोडाची जागा थिनरने पुसून घ्या, नाहीतर गोंद धरत नाही. घासताना मास्क लावा, सागवानाचा भुसा नाका-घशाला त्रास देतो.

शिसव जड आणि देखणं, पण हत्यारं बोथट करतं. बटन, हँडल, पाय अशा लहान भागांना ते घ्या. बाभूळ बळकट असते, पण तिच्यात टॅनिन भरपूर. ओल्या हवेत लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग पडतात. बाभळीला पितळी किंवा स्टेनलेस स्क्रूच लावा.

मिरजेतल्या सतारमेकरांकडे तुणीचं लाकूड असतं. ते सागवानापेक्षा हलकं, मऊ आणि कोरायला सोपं आहे. पुढच्या नक्षीदार पाटीला उत्तम, तळाला नको, कारण दाबले की खड्डे पडतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत लाकूड बघायला गेलात तर मुरलेलं लाकूड म्हणजे काय ते हातात घेऊन कळतं. विकत देतीलच असं नाही.

मोठ्या सपाट बाजूंसाठी प्लायवुडच घ्या. त्याचे थर आडवे-उभे असल्याने ते फारसं हलत नाही. वर सागवानी व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलं तर फरक फक्त सुताराला कळतो.

११. मे महिन्यात दार छान बसलं होतं, जुलैत अडकायला लागलं. का?

लाकूड आडव्या रेषेत, म्हणजे तंतूंच्या काटकोनात, फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच. सागवानाची ४०० मिमी रुंद फळी घ्या. उन्हाळ्यातून पावसाळ्यात तिच्यातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर ती रुंदीत ३ ते ४ मिमी वाढू शकते. पत्रा तेवढ्याला तेवढाच. फळी दोन्ही काठांना घट्ट आवळलेली असेल तर ती वाकते किंवा चिरते.

उपाय सोपा आहे. फळी मध्यभागी एका ओळीत पक्की आवळा. काठांकडच्या भोकांना पत्र्यात लांबट करा, रुंदीच्या दिशेने ४-५ मिमी. स्क्रूखाली वॉशर घाला आणि स्क्रू हाताने सरकेल एवढाच आवळा. गोंदाने लाकूड पत्र्याला कधीच चिकटवू नका. आणि पॉलिश आतल्या बाजूलाही लावा. एकाच बाजूला लावलेली फळी हमखास पन्हाळी होते.

१२. पॉलिश कोणतं? चपडा चालेल का?

चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने दिलेली चमक दुसऱ्या कशाला येत नाही. सतारीवर असते तीच. पण चहाचा गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं आणि सॅनिटायझर सांडलं तर ती विरघळते. वरच्या पाटीवर वस्तू ठेवायची सवय असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन लावा, चपडा पुढच्या बाजूपुरता ठेवा.

१३. पंखे किती आणि कुठे? आमच्याकडे धूळ फार आहे.

साध्या ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला पुढून दोन १२० चे पंखे आत, मागून एक बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही, जाळीतूनच येते आणि जाळी धुता येते. फटी लाकडी कॅबिनेटमध्ये जास्तच असतात.

मार्केट यार्डाजवळून, हळदीच्या गोदामांच्या भागातून हा प्रश्न हमखास येतो. गळीत हंगामात उसाचं पाचट पेटवल्यावर उडणाऱ्या काजळीबद्दलही. दोन्हीला उत्तर एकच: बारीक नायलॉनची जाळी, चुंबकाने चिकटणारी चौकट आणि हंगामात ती वारंवार धुणं. बारीक जाळीने हवा अडते, म्हणून जाळीचं क्षेत्रफळ पंख्यापेक्षा मोठं ठेवा. पुढे लाकडी पट्ट्यांची नक्षी केली असेल तर पट्ट्यांतली मोकळी जागा निम्म्याहून कमी होऊ देऊ नका. हात पुढे धरून हवा ओढली जाते का ते बघा.

१४. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लाकडी भागाला येत नाहीत.

हा कॅबिनेटचा दोष नसून घरातल्या अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पेटीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पेटीवर २३० च्या निम्मा, साधारण ११५ व्होल्टचा दाब येतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण तसंच चालू ठेवू नका. जुन्या वाड्यांमध्ये थ्री-पिन सॉकेट असतं आणि त्याच्या वरच्या पिनेला मागे वायरच नसते. वायरमनला बोलवा. अर्थ आणि न्यूट्रल जोडून "जुगाड" करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

घरातलं अर्थिंग बरोबर असेल तर कॅबिनेट तपासा. प्लग भिंतीतून काढा. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला, दुसरं सांगाड्याच्या प्रत्येक सुट्या पत्र्याला लावा. एका ओहमच्या आत यायला हवं. येत नसेल तर मधे रंग आहे. तो कसा काढायचा ते प्रश्न १५ मध्ये.

आणि एसएमपीएस उघडून त्याचा पंखा किंवा पेटी बदलायची कल्पना असेल तर ती सोडा. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात.

१५. पावडर कोटिंग करून घेऊ की स्प्रे?

पावडर कोटिंग टिकाऊ. पण ते भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजतात, त्यामुळे सांगाड्यावर लाकूड, रबर, प्लास्टिक काहीही असता कामा नये. सगळी भोकं, घड्या, बर (कापलेल्या कडेवरची धारदार कूस) काढणं आधी. नंतर एक भोक पाडलं तरी कडेचा थर उडतो. ६०-८० मायक्रॉनचा थर आट्यांत बसतो आणि वीजही अडवतो. म्हणून आट्यांत जुने स्क्रू घालून द्या आणि स्टँडऑफच्या, एसएमपीएसच्या जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाका. राहून गेलं असेल तर तेवढी जागा खरवडून खाली दातेरी वॉशर घाला.

स्प्रे करणार असाल तर प्राइमर, मग पातळ थर. पावसाळ्यात नको.

१६. धातूच्या सांगाड्यामुळे वायफाय मंदावेल का?

अँटेना आत ठेवली तर हो. ती मागे बाहेर काढा. लाकूड अडवत नाही, म्हणून अँटेना पत्रा आणि लाकूड यांच्यामधल्या पोकळीत लपवता येते.

१७. जीआय पत्रा घरी आहे. वेल्डिंग करून घेऊ का?

जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी-ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरने काढून, उघड्यावर, मास्क लावून करणारा माणूस असेल तरच. नाहीतर रिव्हेट. ठिणग्यांच्या जवळ लाकडाचा भुसा नको हे सांगायला नकोच.

१८. ग्राफिक्स कार्ड उभं बसवून काचेतून दाखवायचंय. रायझर (स्लॉट आणि कार्ड जोडणारी केबल) लावल्यावर स्क्रीन काळी पडते.

रायझर केबल कार्डाच्या पिढीइतक्या वेगाची नसते तेव्हा असं होतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटची पिढी सक्तीने ३ वर ठेवून बघा. चाललं तर केबलच कमी पडतेय. कार्ड काचेपासून लांब ठेवा, पंख्यांना श्वास घ्यायला निदान ४० मिमी. आणि कार्डाचा सगळा भार रायझरच्या सॉकेटवर नको, खाली पत्र्याचा कोपरा द्या.

१९. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि लोखंडी स्क्रू, चालेल ना?

कोरड्या खोलीत चालेल. नदीकाठच्या दमट खोलीत दोन धातूंच्या जोडावर ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. स्टेनलेस स्क्रूनेही हे होतं, त्यामुळे "स्टेनलेस आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. नायलॉन वॉशर घाला, पण अर्थिंगसाठी एक जोड मुद्दाम उघडा ठेवून त्यावर ग्रीस लावा.

२०. आमच्या गल्लीत कृष्णेचं पाणी येतं. कॅबिनेट कसं बनवू?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न वाढला. पाण्यात टिकणारं कॅबिनेट बनवायचा नाद सोडा, पटकन उचलता येणारं बनवा. आतला सांगाडा चार थंबस्क्रूवर (हाताने फिरवायच्या स्क्रूवर) सुटा ठेवा, वर पट्टीचं हँडल द्या आणि मागच्या सगळ्या वायरी एकाच बाजूने निघतील अशा ठेवा. पाण्याची बातमी आली की लाकडी खोकं खाली राहू दे, सांगाडा वरच्या मजल्यावर न्या. खोक्याला आयएस ७१० चा मरीन प्लाय वापरला आणि कडा नीट सील केल्या तर ते धुऊन, सावलीत हळूहळू वाळवून पुन्हा वापरता येतं. उन्हात ठेवू नका, व्हिनिअर सुटतं. पाण्यात गेलेला एसएमपीएस मात्र वाळवून लावू नका, तो बदला.